उत्क्रांती-जीवशास्त्रात अमेरिकेत पीएचडी करायची असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राणिशास्त्राच्या एमएस्सीचे शेवटचे वर्ष चालू आहे, सरडे आणि बेडूक पाहत सडे-पठारे भटकण्याची आवड आहे, आणि ‘ऑर्गॅनिस्मिक अँड इव्होल्यूशनरी बायोलॉजी’ (अख्ख्या सजीवाचे आणि उत्क्रांतीचे जीवशास्त्र) या नावाच्या विभागात, शक्य झाल्यास हार्वर्डमध्ये, पीएचडी करण्याची इच्छा आहे. प्रवेश कसा मिळतो, तिथे पाच-सहा वर्षे नेमके काय करावे लागते, आणि हेच काम भारतात राहून करणे अधिक शहाणपणाचे ठरेल का? मी अशाच एका विभागातून पीएचडी केली असून गेली बरीच वर्षे अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसतो. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि त्यातला मोठा भाग प्रवेशाच्या नियमांपेक्षा संशोधनाच्या प्रश्नाविषयी असेल. नियम कोणत्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रश्न मात्र स्वतःलाच शोधावा लागतो, आणि बहुतेक अर्ज तिथेच कमी पडतात.

आधी नावाविषयी. हे नाव धारण करणारा सर्वांत प्रसिद्ध विभाग हार्वर्डचा आहे आणि त्याच नावाचा पीएचडी कार्यक्रम मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील परिसरातही चालतो. प्रिन्स्टन, कॉर्नेल, मिशिगन या विद्यापीठांत हाच विषय ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनरी बायोलॉजी’ या पाटीखाली शिकवला जातो, तर बर्कली आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात ‘इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी’ या पाटीखाली. म्हणून शोध घेताना विभागाच्या नावाला चिकटून राहू नये. हार्वर्डमधील नावामागे थोडा इतिहास आहे. १९५० च्या दशकात, विशेषतः १९५६ मध्ये डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेले जेम्स वॉटसन तिथे रुजू झाल्यानंतर, रेणवीय जीवशास्त्र हेच काय ते खरे जीवशास्त्र असे मानणारे एकीकडे आणि अख्खा प्राणी, त्याची जात, त्याचा अधिवास यांचा अभ्यास करणारे दुसरीकडे, अशी उभी फूट पडली. मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन दुसऱ्या गटातले. पुढे या दोन्ही विद्याशाखांचे विभाग वेगळे झाले. आज ती भिंत जवळजवळ उरलेली नाही, कारण सरड्यांवर काम करणारा विद्यार्थी सकाळी पिंजऱ्यातल्या सरड्यांची धावण्याची गती मोजतो आणि दुपारी त्यांच्या जनुकसंचाची माहिती संगणकावर तपासतो. तरीही एक गोष्ट टिकून आहे. या विभागांत रेणू, पेशी किंवा जनुक हे शेवटी अख्ख्या सजीवाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वापरले जातात.

हा प्रश्न कोणत्या प्रकारचा असतो हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीही नीट कळणार नाही. हार्वर्डचेच उत्क्रांती-अभ्यासक अर्न्स्ट मायर यांनी १९६१ मध्ये असे मांडले की जीवशास्त्रातील ‘का’ दोन प्रकारचे असतात: एक तात्कालिक यंत्रणेविषयीचा आणि दुसरा उत्क्रांतीच्या इतिहासाविषयीचा. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये त्याचे चार प्रश्न केले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर आढळणाऱ्या, गळ्याखाली निळी-काळी-केशरी पंखाकार झालर मिरवणाऱ्या सरड्याचेच उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये ‘सारडा सुपर्बा’ असे नाव मिळालेली ही जात आहे. त्या झालरीचा रंग त्वचेत कसा तयार होतो, हा पहिला प्रश्न. पिल्लू मोठे होताना तो कधी आणि कशामुळे प्रकट होतो, हा दुसरा. त्या रंगाने नराच्या वीण यशात किंवा जगण्यात काय फरक पडतो, हा तिसरा. आणि या सरड्याच्या नात्यातल्या, फिकट झालर असलेल्या जातींपासून हे वैशिष्ट्य किती वेळा आणि कोणत्या क्रमाने उद्भवले, हा चौथा. चारही प्रश्न एकाच सरड्याचे आहेत, पण प्रत्येकासाठी लागणारी साधने, कौशल्ये आणि बहुधा मार्गदर्शकही वेगळे. आपल्याला यांपैकी नेमका कोणता प्रश्न छळतो हे ज्याला सांगता येते, त्याच्या अर्जाचे निम्मे काम तिथेच होते.

अर्ज वाचताना सर्वाधिक आढळणारे वाक्य म्हणजे ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’. ते खरे असते, पण त्याने काहीही कळत नाही, कारण समोरच्या प्रत्येक अर्जदाराला ती आवड असते. ‘मला पश्चिम घाटातील उभयचरांवर काम करायचे आहे’ हे वाक्यही पुरेसे नाही. तो विषय झाला, प्रश्न झाला नाही. चाळकेवाडीच्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी विचारले की पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, तर त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांचे काय होते? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त दाटीने राहतात. त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी असते, माणूस बराच जवळ आल्याशिवाय ते पळत नाहीत, आणि नरांच्या झालरीचे रंगही फिके असतात. पठार, सरडा, पवनचक्की या तिन्ही गोष्टी सातारा जिल्ह्यातल्या कोणालाही रोज दिसतात. त्यांची सांगड घालून वरचा शिकारी काढून टाकला तर खालच्या प्राण्याचे शरीर, वर्तन आणि रूप कसे बदलते, असे विचारता येणे म्हणजे प्रश्न. हा प्रश्न सरड्यांपुरता राहत नाही, जगातल्या कोणत्याही अन्नसाखळीला लागू पडतो. निवड समिती नेमके हेच शोधत असते: लहान जागेवर उभा राहून मोठे काही विचारणारा माणूस.

डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९२९ मध्ये म्हटले होते की बऱ्याच समस्यांसाठी असा एखादा प्राणी असतोच, ज्याच्यावर त्या समस्येचा अभ्यास सर्वांत सोयीने करता येतो. पीएचडीचे यश या सांगडीवर किती अवलंबून असते हे दाखवणारी हार्वर्डमधली दोन उदाहरणे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

पहिले उदाहरण उंदरांचे. अमेरिकेच्या आग्नेय भागात राहणारा पेरोमिस्कस पोलिओनोटस हा छोटा उंदीर लांब प्रवेशमार्ग असलेले बीळ खणतो आणि घरट्यापासून वरच्या दिशेला जवळजवळ पृष्ठभागापर्यंत पोचणारी एक पळवाटही ठेवतो. त्याचा जवळचा नातेवाईक पेरोमिस्कस मॅनिक्युलॅटस मात्र आखूड बीळ खणतो आणि पळवाट ठेवत नाही. होपी होएक्स्ट्रा यांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या जेसी वेबर यांनी वाळूने भरलेल्या मोठ्या खोक्यांत प्रयोगशाळेत वाढलेले, कधीही बीळ न पाहिलेले उंदीर सोडले आणि त्यांनी खणलेल्या बिळांत फोम ओतून त्यांचे साचे काढले. उंदीर आपापल्या जातीचेच बीळ खणत होते. मग दोन्ही जातींचा संकर करून आणि संकरित पिढीचा पुन्हा आखूड बीळ खणणाऱ्या जातीशी संकर करून त्यांनी कोणाचे बीळ कसे होते आणि कोणाच्या जनुकसंचाचा कोणता भाग कोणाकडून आला होता हे जुळवले. २०१३ मध्ये ‘नेचर’ या संशोधन-नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार प्रवेशमार्गाच्या लांबीशी जनुकसंचातील तीन भाग निगडित आहेत आणि पळवाट असण्या-नसण्याशी एक वेगळाच भाग. म्हणजे इतके गुंतागुंतीचे वाटणारे वर्तन वेगवेगळे वारशाने येणाऱ्या तुकड्यांतून जोडले गेलेले असू शकते. इथे प्राण्याची निवडच निर्णायक आहे. बीळ ही मोजता येणारी, साचा काढता येणारी वस्तू आहे. दोन जाती वागण्यात भिन्न आहेत, तरी त्यांचा संकर होतो. आणि दोन्ही पिंजऱ्यात जगतात. वर्तनाची आनुवंशिकता अभ्यासण्याची आकांक्षा शेकडो जणांची असते, पण असा प्राणी हाताशी असल्याशिवाय ती प्रबंधापर्यंत पोचत नाही.

दुसरे उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगतो. शेन कॅम्पबेल-स्टॅटन हे हार्वर्डमधले पीएचडीचे विद्यार्थी टेक्सासमधील हिरव्या अ‍ॅनोल सरड्यांची थंडी सोसण्याची क्षमता उत्तरेकडून दक्षिणेकडे कशी बदलते हे मोजत होते. २०१३ च्या उन्हाळ्यात मोजमापे झाली आणि त्यानंतरचा हिवाळा अमेरिकेत असाधारण थंड निघाला. ते पुन्हा त्याच ठिकाणी गेले, वाचलेले सरडे मोजले, आणि दक्षिणेकडच्या वाचलेल्या सरड्यांची थंडी सोसण्याची क्षमता वाढलेली आणि जनुकांच्या पातळीवरही ते उत्तरेकडच्या सरड्यांच्या दिशेने सरकलेले आढळले. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. याला नशीब म्हणणारे पुष्कळ आहेत. माझे मत वेगळे आहे. हिवाळ्यापूर्वीची मोजमापे काटेकोर नसती तर त्या थंडीतून काहीही निघाले नसते. पाच-सहा वर्षांच्या पीएचडीत एखादे वर्ष दुष्काळाचे, पुराचे किंवा साथीचे निघतेच. प्रश्न स्पष्ट असेल तर असे वर्ष वाया न जाता कधीकधी प्रबंधाचे सर्वोत्तम प्रकरण देऊन जाते.

प्रत्येक प्रबंध चिखलात उभे राहूनच लिहावा लागतो असे मात्र नाही. हार्वर्डचे प्राणिसंग्रहालय लुई अगासी यांनी १८५९ मध्ये स्थापन केले, तेथील वनस्पतिसंग्रहात पन्नास लाखांहून अधिक नमुने आहेत, १८७२ मध्ये सुरू झालेले अर्नोल्ड वृक्षोद्यान बॉस्टनमध्ये आहे आणि १९०७ पासूनचे हार्वर्ड फॉरेस्ट पीटरशॅम येथे. अशा संग्रहांचा उपयोग कसा होतो याचे एक सुंदर उदाहरण म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्ड गावातील फुलांच्या नोंदी. लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात तिथल्या रानफुलांच्या बहराच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. हार्वर्डचे चार्ल्स डेव्हिस आणि बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक यांच्या गटांनी २००८ मध्ये त्या आणि नंतरच्या नोंदी वनस्पतींच्या वंशवृक्षावर (कोणती जात कोणाच्या किती जवळच्या नात्यातली हे दाखवणाऱ्या आराखड्यावर) मांडून दाखवले की तापमानवाढीबरोबर ज्यांचा बहराचा काळ सरकला नाही अशा जातींची संख्या अधिक घटली आहे आणि ही घट वंशवृक्षाच्या काही फांद्यांवर एकवटलेली आहे. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या नोंदी हीच इथली प्रयोगशाळा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या कपाटांत धूळ खात पडलेल्या वनस्पतिसंग्रहांविषयी विचार करताना हे उदाहरण आठवले तर बरे होईल.

या अभ्यासातल्या ‘वंशवृक्षावर मांडून’ या शब्दांवर मी थोडा थांबतो, कारण आपल्याकडच्या एमएस्सीत ही गोष्ट क्वचितच शिकवली जाते आणि तिच्याशिवाय या क्षेत्रात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. समजा, चाळीस जातींच्या बेडकांत आवाजाची पट्टी आणि शरीराचा आकार यांचा संबंध तपासायचा आहे. चाळीस बिंदू आलेखावर मांडून रेषा ओढली की झाले, असे वाटते. परंतु त्यातल्या वीस जाती एकाच पूर्वजापासून अलीकडे निघालेल्या, सगळ्या लहान आणि सगळ्या तीव्र आवाजाच्या असतील, तर ते वीस पुरावे नाहीत; त्या पूर्वजाच्या वेळी एकदाच घडलेल्या बदलाच्या त्या वीस प्रती आहेत. नेहमीचे संख्याशास्त्र प्रत्येक बिंदू स्वतंत्र असल्याचे गृहीत धरते आणि म्हणून खोटा आत्मविश्वास देते. उत्क्रांती-अभ्यासक जोसेफ फेल्सेन्स्टाईन यांनी १९८५ मध्ये या अडचणीवर मार्ग सुचवला: जातींच्या मूल्यांऐवजी वंशवृक्षाच्या फाट्यांवरील फरकांची तुलना करायची. पुढच्या पद्धती त्यावरच उभ्या आहेत. जो विद्यार्थी अर्ज करण्यापूर्वी ‘आर’ ही संगणकीय भाषा शिकून, एखाद्या प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची खुली माहिती घेऊन हे विश्लेषण स्वतः पुन्हा करून पाहतो, त्याचे मला परदेशातल्या उन्हाळी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक कौतुक वाटते. याला इंटरनेट आणि संयम यांपलीकडे काही खर्च नाही.

आता प्रवेशाकडे वळू. अमेरिकेत या विषयात विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक निवडला जातो, असे म्हटले तरी चालेल. प्रवेश विभाग देतो हे खरे, परंतु ज्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम करायचे त्याची तयारी नसेल तर उत्तम अर्जही मागे पडतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, प्राध्यापकांना पत्र लिहावे लागते. या पत्रात ‘आदरणीय महोदय, आपले कार्य अत्यंत प्रेरणादायी आहे’ असा मजकूर असला की ते वाचले जात नाही. तीन छोटे परिच्छेद पुरतात: आतापर्यंत कोणत्या प्राण्यावर, कोणते काम स्वतःच्या हाताने केले, त्यातून कोणता प्रश्न सुटला नाही, आणि त्या प्राध्यापकाच्या कोणत्या शोधनिबंधामुळे तो प्रश्न त्यांच्याकडे सोडवता येईल असे वाटते. शेवटी एकच साधी विचारणा: पुढील वर्षी आपण विद्यार्थी घेणार आहात का? उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यापुढे नाही.

आणि उत्तर आले की त्या प्रयोगशाळेतल्या सध्याच्या आणि बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये. मार्गदर्शक किती वेळा भेटतो, पहिला शोधनिबंध लिहायला किती मदत करतो, विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात, कोणी मध्येच सोडून गेले का आणि का गेले, हे विद्यार्थीच सांगतात. पाच-सहा वर्षांचा हा संबंध आहे. आपल्याकडे स्थळ पाहतानासुद्धा यापेक्षा जास्त चौकशी होते. नावाजलेल्या विद्यापीठातल्या दुर्लक्ष करणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा कमी नावाजलेल्या विद्यापीठातला वेळ देणारा मार्गदर्शक मी केव्हाही निवडेन.

अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. उद्देशपत्र, तीन शिफारसपत्रे, गुणपत्रिका आणि शुल्क ही मुख्य सामग्री. बऱ्याच विभागांनी जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची अट काढून टाकली आहे. इंग्रजीची परीक्षा लागते की नाही हे शिक्षणाच्या माध्यमावर आणि विद्यापीठाच्या नियमांवर ठरते. शुल्क एका अर्जाला सुमारे शंभर डॉलरपर्यंत जाते, परंतु अडचण असल्यास ते माफ करण्याची सोय अनेक ठिकाणी असते आणि ती मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. शिफारसपत्रांबाबत आपल्याकडे एक चुकीची समजूत आहे की ती मोठ्या पदावरच्या व्यक्तीची असावीत. ज्यांनी आपल्याला काम करताना पाहिले आहे त्यांचेच पत्र उपयोगाचे असते. ‘विद्यार्थी हुशार, नम्र व कष्टाळू आहे’ एवढ्याच ओळी लिहिणाऱ्या प्राचार्यांपेक्षा, पावसात रात्री बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करताना यंत्र बिघडले तेव्हा या विद्यार्थ्याने काय केले, हे सांगणाऱ्या तरुण संशोधकाचे पत्र कितीतरी वजनदार ठरते. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळतो, पण आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर काही विद्यापीठे तो देत नाहीत, त्यामुळे एमएस्सी असणे सोयीचे ठरते. एमएस्सी असल्याने तिथला पीएचडीचा कालावधी मात्र सहसा कमी होत नाही.

एमएस्सीनंतर लगेच अर्ज करण्याची घाई करू नये, हा माझा ठाम सल्ला आहे. एक-दोन वर्षे एखाद्या संशोधनगटात प्रकल्प सहायक म्हणून काढली, तर आपल्याला खरोखर हे काम आवडते की फक्त त्याची कल्पना आवडते, याचा निकाल लागतो. दिवसभर एकाच पानावर बसलेल्या कोळ्याच्या हालचाली दर मिनिटाला टिपण्यात कंटाळा आला तर त्यात काही लाजिरवाणे नाही. पण तो कंटाळा परदेशात, तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा इथे कळलेला बरा.

प्रवेशानंतरचा क्रम सर्वत्र साधारण सारखा आहे. पहिल्या वर्षी काही अभ्यासक्रम, चर्चासत्रे आणि प्रयोगशाळेची ओळख. दुसऱ्या वर्षी पात्रता परीक्षा. मग तीन-चार वर्षे प्रत्यक्ष संशोधन. आणि शेवटी जाहीर व्याख्यान व समितीसमोर प्रबंधाचे समर्थन. प्रबंध म्हणजे आजकाल बहुधा तीन किंवा चार शोधनिबंध आणि त्यांना जोडणारी प्रस्तावना. त्याशिवाय काही सत्रे पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते आणि ज्या विभागांत शिष्यवृत्ती कमी असते तिथे ते दरवर्षी करावे लागते. शिकवण्यात आठवड्याचे बरेच तास जातात, म्हणून प्रवेशाचे पत्र आले की किती सत्रे शिकवणे सक्तीचे आहे हे पहिल्यांदा विचारून घ्यावे.

पात्रता परीक्षेविषयी आपल्या विद्यार्थ्यांना उगाच जास्त भीती असते, आणि ती चुकीच्या गोष्टीची असते. तीन-चार प्राध्यापकांची समिती तोंडी प्रश्न विचारते, पण पाठांतर तपासणे हा तिचा हेतू नसतो. ‘तुमचे गृहीतक खरे ठरले नाही तर काय दिसेल?’, ‘हाच नमुना दुसऱ्या कोणत्या कारणाने येऊ शकतो?’, ‘याच प्राण्यावर का, दुसऱ्यावर का नाही?’ असे प्रश्न येतात. आपल्याकडच्या परीक्षांमध्ये ‘माहीत नाही’ म्हणणे म्हणजे गुण गमावणे. इथे ‘माहीत नाही, पण मी ते असे शोधून काढीन’ हे उत्तर चांगले मानले जाते. ज्याचा प्रश्न स्वतःचा आहे त्याला ही परीक्षा फारशी जड जात नाही. मार्गदर्शकाने हातात दिलेला प्रकल्प घेऊन आलेल्याला मात्र तिसऱ्या प्रश्नाला घाम फुटतो.

पैशाचे गणित असे. चांगल्या कार्यक्रमात शिक्षणशुल्क माफ असते, आरोग्य विमा मिळतो आणि विद्यावेतन मिळते; यांपैकी एक जरी नसेल तर त्या पीएचडीसाठी कर्ज काढून जाऊ नये. हार्वर्डने २०२४-२५ पासून किमान वार्षिक विद्यावेतन ५०,००० डॉलर केले, परंतु केंब्रिज आणि बॉस्टनची घरभाडी पाहता त्यातून फारशी बचत होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची पदव्युत्तर फेलोशिप भारतीय नागरिकांना मिळत नाही, आणि त्याच संस्थेचे प्रबंधासाठीचे छोटे अनुदान जीवशास्त्राच्या बहुतेक शाखांत २०१७ पासून बंद झाले आहे. त्यामुळे क्षेत्रकामाचा खर्च मार्गदर्शकाचे अनुदान, विद्यापीठाचे छोटे निधी आणि उत्क्रांती अभ्यासकांच्या संघटनेचे रिचर्ड लेवोन्टिन व रोझमेरी ग्रँट यांच्या नावाने दिले जाणारे विद्यार्थी-पुरस्कार यांतून भागवावा लागतो. दुसरी, अधिक गंभीर गोष्ट म्हणजे २०२५ मध्ये संघराज्य सरकारच्या संशोधन निधीत झालेल्या कपातीनंतर अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा घटवल्या. हार्वर्डनेही विज्ञान शाखांतील जागा मोठ्या प्रमाणात कमी केल्या. म्हणून यापुढील काही वर्षे ‘हार्वर्ड नाही तर काही नाही’ अशी भूमिका घेणे व्यवहार्य नाही. अर्जांमध्ये कॅनडा, युरोप आणि भारत यांनाही जागा असावी.

परदेशात नाव नोंदवून संशोधन मात्र सह्याद्रीत करायचे, ही कल्पना बहुतेक मराठी विद्यार्थ्यांच्या मनात असते. ती अशक्य नाही, पण तिच्यातला कायदेशीर भाग आधी समजून घ्यावा. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार परदेशी व्यक्ती व संस्थांना भारतातील जैविक संसाधने संशोधनासाठी घेण्यापूर्वी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. पुष्कळांच्या लक्षात येत नाही ते असे की, आयकर कायद्याच्या व्याख्येनुसार जो भारतीय नागरिक अनिवासी ठरतो, त्यालाही हीच तरतूद लागू होते. चार वर्षे अमेरिकेत राहिलेला पुण्याचा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने या बाबतीत परदेशी व्यक्तीच्या रांगेत बसतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खालील संरक्षित जातींसाठी आणि राखीव वनांत काम करण्यासाठी राज्याच्या वनविभागाची परवानगी वेगळी, आणि ऊतींचे नमुने देशाबाहेर नेणे ही त्याहून वेगळी बाब. या सगळ्यात एक पावसाळा सहज निघून जातो, आणि बेडकांवर काम करणाऱ्यासाठी एक पावसाळा म्हणजे एक वर्ष. भारतीय संस्थेतील सहकाऱ्याबरोबर संयुक्त प्रकल्प करणे, नमुन्यांचे विश्लेषण इथेच करणे आणि परदेशात फक्त आकडेवारी नेणे, हा मार्ग मला सर्वांत सुरळीत वाटतो.

यावरूनच शेवटचा प्रश्न येतो: मग भारतातच का करू नये? काही प्रश्नांसाठी तेच अधिक योग्य आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. पश्चिम घाटातील एखाद्या जातीवर, तिच्या अधिवासात, लागोपाठ चार-पाच वर्षे लक्ष ठेवायचे असेल तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परिस्थितिकी विज्ञान केंद्र, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) किंवा डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था इथे जे साध्य होईल ते बॉस्टनहून होणार नाही. फळमाश्यांच्या शेकडो पिढ्यांवर प्रयोगशाळेत उत्क्रांतीचे प्रयोग करायचे असतील तर जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्या कामाची जुनी परंपरा आहे. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ती वेळेवर मिळेलच असे नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. उलट, उंदरांच्या उदाहरणासारखा प्रश्न असेल, ज्याला मोठी प्राणिशाळा, महागडी यंत्रसामग्री किंवा जगभरच्या नमुन्यांचा संग्रह लागतो, तर बाहेर जाण्याला अर्थ आहे.

दोन मराठी माणसांची उदाहरणे इथे नेमकी लागू पडतात. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९६९ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी पूर्ण केली. सजीवाने आपली ऊर्जा स्वतः टिकून राहण्यावर किती आणि प्रजननावर किती खर्च करावी, नैसर्गिक निवड हा हिशेब कसा ठरवते, या गणिती प्रश्नावरचा त्यांचा आणि विल्यम बॉसर्ट यांचा १९७० चा निबंध आजही वाचला जातो. ते गणित शिकण्यासाठी हार्वर्ड योग्य जागा होती; १९८३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितिकी विज्ञान केंद्र उभे करण्यासाठी परत येणे आवश्यक होते. पुण्यातूनच गेलेले कृष्णमेघ कुंटे यांनी पीएचडी ऑस्टिनमध्ये केली, हार्वर्डला ते त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधक, म्हणून गेले. कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या काही माद्या बेचव फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात; त्यामागे अनेक जनुकांचा एकत्र जखडलेला गट नसून ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक आहे, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले. फुलपाखरू आपल्या अंगणातले, जनुकशास्त्र तिथल्या प्रयोगशाळेतले. दोघांच्याही बाबतीत प्रश्न आधी होता आणि त्याच्या गरजेप्रमाणे जागा ठरली.

नोकरीविषयी लपवण्यासारखे काही नाही. विद्यापीठांतल्या कायम जागा पीएचडीधारकांच्या तुलनेत फार कमी आहेत आणि दोन-तीन पोस्टडॉक केल्यानंतरही त्या मिळतीलच असे नाही. संग्रहालये, संवर्धन संस्था, महाविद्यालयीन अध्यापन, आकडेवारी-विश्लेषणाच्या नोकऱ्या इथे या विषयाचे लोक चांगले काम करताना दिसतात. घरच्यांना हे सगळे आधीच सांगावे, विशेषतः वयाच्या तिशीपर्यंत स्थिर उत्पन्न नसेल ही गोष्ट.

तुमच्या बाबतीत मी असे करीन. येत्या पावसाळ्यापर्यंत, ज्या सड्यावर तुम्ही जाता तिथल्या एकाच जातीविषयी आजवर प्रसिद्ध झालेले सगळे वाचून काढा आणि ज्याचे उत्तर कुठेच सापडले नाही असा एक प्रश्न दोन पानांत लिहा: काय अपेक्षित आहे, ते खोटे ठरले तर काय दिसेल, आणि ते तपासायला काय मोजावे लागेल. ती दोन पाने त्या क्षेत्रातल्या किमान दोन संशोधकांना दाखवा, त्यांनी काढलेल्या चुका सुधारा, आणि मगच अशा प्रश्नांवर जगात कोण काम करते याची यादी करायला बसा. पत्रे त्या यादीतल्या माणसांना जातील.